पहिल्या क्रमांकाचा धोका

मी साच्यांच्या खोलीतला संगणक. नाव विचाराल तर मला नाव नाही. कारखान्यात सगळे मला 'दादांचा डबा' म्हणतात. रंग मूळचा पांढरा होता, आता तो कुठल्या रंगात मोडतो ते तुम्हीच ठरवा. आज मला थोडं बोलायचंय, कारण यानंतर बोलायला मी नसेन.

आमच्या कारखान्यात जोडे होतात, पण दुकानाच्या काचेत मांडायचे नव्हेत. एखाद्याचा पाय जन्मतःच आत वळलेला असतो, एखाद्याची दोन बोटं कापलेली असतात, एखाद्याच्या तळव्याची जाणीवच आजाराने गेलेली असते. अशा प्रत्येक पायासाठी वेगळा जोडा. हॉस्पिटलातून पायाची मापं येतात, ती माझ्या पोटात जातात आणि मी शेजारच्या मशीनला सांगतो, इथे कोर, इथे थांब, इथे जरा हलक्या हाताने. मशीन फोमच्या ठोकळ्यातून पाय कोरून काढतं. तो साचा. त्याच्यावर पुढे चामडं चढतं.

मी आलो तेव्हा नवा कोरा होतो. मशीन बनवणाऱ्या कंपनीचा माणूस मला घेऊन आला, तारा जोडल्या, आणि जाता जाता म्हणाला, "काही अडलं तर मी माझ्या घरूनच बघीन. एक वाट उघडी ठेवतोय." सगळ्यांना केवढं कौतुक वाटलं! घरबसल्या दुरुस्ती! पुढे त्या माणसाने नोकरी सोडली, त्याची कंपनीही बुडाली. वाट तेवढी उघडीच राहिली.

दादा म्हणजे साच्यांच्या खोलीचे प्रमुख. बुटके, जाड चष्म्याचे, बोलायला फटकळ. साचा मशीनमधून निघाला की ते त्याच्यावरून अंगठा फिरवायचे, डोळे मिटायचे, आणि म्हणायचे, "ठीक." त्यांचं 'ठीक' म्हणजे शेवटचा शब्द. त्यावर कुणी ब्र काढत नसे.

मला मात्र त्यांनी पोटच्या पोरासारखं जपलं. फोमचा भुगा आत जाऊ नये म्हणून माझ्या पंख्याला त्यांनी स्वतःच्या जुन्या सदऱ्याची जाळी बांधली. माझ्यातली प्रणाली जुनी झाली, जगभर तिला रामराम ठोकून झाला, तरी मला कुणी हात लावायचा नाही असा त्यांचा हुकूम होता. नवीन काही घालायला कुणी आलं की ते दारातच आडवे यायचे. "चालतंय ना? मग चालू दे. चालत्या गाडीला खीळ घालू नका."

आणि खरंच, मी चालत होतो. चालणाऱ्याला कोण काय विचारतं?

एवढ्या वर्षांत माणसांच्या सवयी मी पुष्कळ पाहिल्या. माणसं घराला तीन कुलपं लावतात, आणि परवलीचा शब्द मात्र पडद्याआडून ओरडून विचारतात. हिशेब विभागातल्या काकूंना कधी माझ्यातली एखादी ऑर्डर बघायची असली, की त्या तिकडून हाक मारायच्या, "दादा, पासवर्ड काय हो तुमचा?" दादा इकडून म्हणायचे, "तोच!" 'तोच' म्हणजे सगळ्या कारखान्याला ठाऊक असलेला. पॅकिंगच्या बायकांना, चहावाल्याला, सोडून गेलेल्या आणि रागावून गेलेल्या लोकांनाही.

मग एक दिवस आमच्या सगळ्यात मोठ्या हॉस्पिटलने कळवलं, की आमच्या रुग्णांची माहिती तुमच्याकडे किती सुरक्षित आहे ते एकदा तपासून घ्या आणि काय आढळलं ते आम्हाला कळवा. नाहीतर पुढचं काम थांबवावं लागेल. कारखान्यातली दोन-अडीचशे माणसं त्या कामावर जगत होती. मालकीणबाईंनी लगेच बाहेरून एक तपासनीस बोलावली.

बाई उंच, सडपातळ, आवाज इतका हळू की समोरच्याला आपोआप गप्प बसावं लागे. पहिल्याच दिवशी तिने गंमत केली. दोन्ही हातांत एक भलंमोठं खोकं घेऊन ती मागच्या दाराशी आली. दार उघडायला कार्ड लागतं. पण ओझं उचललेल्या बाईला ताटकळत कोण ठेवील? आमच्या एका सज्जन माणसाने स्वतःचं कार्ड लावलं, वर म्हणाला, "सांभाळून हं, पायरी आहे." ती थेट साठवणीच्या खोलीपर्यंत गेली. खोकं रिकामं होतं.

त्या दिवसापासून तिच्याकडे सगळे तिरक्या नजरेने बघू लागले. ही नोकऱ्या घालवायला आलीये, असं पॅकिंगमध्ये ठरून गेलं. ती मात्र कुणाचं नाव घेत नव्हती. नुसती शेजारी बसायची आणि विचारायची, "हे काम तुम्ही कसं करता, मला दाखवाल?" धोका शोधायचा म्हणजे आधी माणसाचं काम समजून घ्यायचं असतं, हे मला तिच्याकडे बघून कळलं.

हिशेबातल्या काकूंशी तिचं जमलं. काकूंनीच तिला सांगितलं, की एखादी आई फोन करून म्हणाली मुलाचा पाय वाढला, तर त्या फोनवरच माप घेतात आणि भरून टाकतात. "त्या माउलीला पुन्हा हॉस्पिटलात कुठे पाठवायचं?" तपासनीस हसली, पण तिने ते टिपून घेतलं.

फिरत फिरत ती आमच्या खोलीत आली. दादांनी हाताची घडी घातली.

"हा किती जुना?"

"माझ्यापेक्षा तरुण आहे," दादा म्हणाले.

"बंद पडला तर?"

"पडत नाही."

"बाहेरून कुणी आत शिरलं तर?"

आता दादा हसले. "मॅडम, इथे पैसे नाहीत, सोनं नाही. पायांची मापं आहेत. ती चोरून चोर काय करणार? जोडे शिवणार?"

खोलीतली माणसं खो खो हसली. तीही हसली. मग तिने टेबलावरचा एक साचा उचलला, उलटा केला आणि त्याच्या तळाकडे बघत म्हणाली, "चोरायचं कशाला दादा? नुसतं बदललं तरी पुरे."

तिने साचा जागेवर ठेवला.

"कुणी तुमच्याकडे पैसे मागायला बसला, म्हणाला मापांत मी फेरफार केलाय, कुठल्या ते सांगत नाही, तर? किंवा काही न मागता नुसताच खोडसाळपणा केला, तर? तुम्हाला कळेल?"

"मला कळेल," दादा म्हणाले. त्यांनी अंगठा वर केला. "याला कळेल."

"करून बघायचं?"

मालकीणबाईंच्या परवानगीने ठरलं. एक खोटी ऑर्डर घालायची, जिच्यामागे कुणाचाच पाय नाही. ती ऑर्डर इतर ऑर्डरींत मिसळायची आणि तपासनिसाने तिच्यात बदल करायचा. दादांना सांगून ठेवलं होतं, की उद्याच्या साच्यांत एक आमचा आहे, तो ओळखा. यात फसवाफसवी नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती काकूंच्या टेबलाशी बसली. काकूंचाच संगणक, काकूंचंच साधं खातं. तिथून चालत ती माझ्यापर्यंत आली, कारण आम्ही सगळे एकाच तारेवर होतो, मधे भिंत म्हणून नव्हती. दाराशी तिने 'तोच' म्हटलं आणि मी दार उघडलं. मला काय वाटलं सांगू? काहीच नाही. माझ्या लेखी ते दादाच होते. ज्याच्यापाशी तो शब्द तो दादा, एवढीच मला शिकवण. तिने तळव्याच्या पुढच्या भागात, बोटांच्या मुळाशी, नखाच्या जाडीएवढा खळगा पाडला, म्हणजे जोड्यात तिथे तेवढाच उंचवटा येणार, आणि निघून गेली. मी आज्ञाधारकपणे मशीनला सांगितलं, इथे जरा जास्त कोर.

दुपारी साचे रांगेत मांडले. खोलीत गर्दी झाली. दादा एकेक साचा हातात घेत होते. अंगठा फिरवायचे, डोळे मिटायचे. "ठीक. ठीक. ठीक." मग एकाशी थांबले. पुन्हा अंगठा फिरवला. "हा. टाचेकडे चुकलाय."

व्यवस्थापक साहेबांनी तो साचा मापांशी ताडून पाहिला. बरोबर होता, तंतोतंत. खोटा साचा 'ठीक' म्हटलेल्यांत निघाला.

दादांनी तो हातात घेतला. आता खळगा कुठे आहे ते त्यांना दाखवलं होतं, तरी त्यांचा अंगठा त्याच्यावरून दोनदा तसाच घसरला. तिसऱ्यांदा थांबला.

"माफ करा," तपासनीस हळूच म्हणाली. "तुमचा हात वाईट म्हणून नव्हे. एवढा फरक कुणाच्याच हाताला कळला नसता. म्हणून तर तो धोका."

दादांनी मान हलवली आणि सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं.

खोली रिकामी झाल्यावर ते माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले. त्यांचा थोरला भाऊ आमचेच जोडे घालतो हे मला माहीत होतं, त्याच्या पायाची मापं माझ्याच पोटात आहेत. त्याच्या तळव्यांची जाणीव कधीच गेलेली. अशा पायाला खडा टोचला तरी कळत नाही, जखम चिघळेपर्यंत पत्ता लागत नाही. दादांनी फोन लावला.

"जेवलास? ... बरं. एक काम कर. मोजे काढ आणि तळपाय बघ. ... तुला वाकता येत नाही ठाऊक आहे, वहिनीला बोलव. आरसा घे म्हणावं. ... अरे, कशाला म्हणजे काय, सांगतोय ते ऐक ना एकदा! ... बोटांच्या मुळाशी. लाल दिसतंय? ... नीट बघायला सांग. चष्मा लावून."

पलीकडे बराच वेळ गेला. दादा चष्मा काढून पुसत बसले होते. काचा स्वच्छच होत्या.

"काही नाही ना? ... नक्की? ... बरं. नाही रे, मला काय झालंय. ठेव."

फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. घरातल्या लाडक्या माणसाविषयी बाहेरच्याने काहीतरी खरं सांगावं, आणि मग आपण त्याला नव्याने बघावं, तशी ती नजर होती. त्यांनी विचारलं, "याआधी कुणी येऊन गेलं का रे?"

मला उत्तर देता आलं असतं तरी काय दिलं असतं? माझ्याकडे जागा थोडी. कोण आलं, कोण गेलं, याच्या जुन्या नोंदी मी आपोआप पुसत असतो. पलीकडची ती वाट वर्षानुवर्षं उघडी होती. कुणी आलं असेल, कुणी आलं नसेल. मलाच माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली ती मी स्वतः ऐकली. बैठकीच्या खोलीतला कॅमेरा आणि मी एकाच तारेवर. (हाही धोका तिने लिहून काढला, बरं का.) मालकीणबाई, व्यवस्थापक साहेब आणि तपासनीस बसले होते. प्रत्येक धोक्यापुढे दोन गोष्टी मांडायच्या होत्या. तो घडण्याची शक्यता किती, आणि घडला तर नुकसान किती. मागचं दार, काकूंचा फोन, एकाच कपाटात ठेवलेल्या राखीव प्रती, असं सगळं होत होत माझा नंबर आला.

"नुकसान मोठं, मान्य," व्यवस्थापक साहेब म्हणाले. "पण शक्यता 'कमी' लिहू या ना."

"का?"

"इतक्या वर्षांत कधी झालं नाही."

"झालं नाही, की कळलं नाही?"

साहेबांनी कपाळ चोळलं. ते वाईट माणूस नव्हते. "ताई, तुम्ही उद्या दुसऱ्या कारखान्यात जाल. हे वाचून हॉस्पिटलने काम काढून घेतलं तर पॅकिंगमधल्या बायकांना घरी बसा म्हणून मी सांगायचं. झाकली मूठ राहू दे थोडी. दुरुस्ती आपण करूच, गुपचूप करू."

मालकीणबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. "गुपचूप केली, आणि आधीच कुणाच्या पायाला इजा झालेली असली तर?" त्यांनी विचारलं. मग त्या म्हणाल्या, "दादांना बोलवा."

दादा आले, पण बसले नाहीत. खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. मला वाटलं, हे आता माझी बाजू घेणार. आजवर घेतच आले होते.

"बाई, मी काल भावाच्या पायाला आरसा लावायला सांगितला," ते म्हणाले. "भावाला माझा फोन आला म्हणून त्याने बघितलं. बाकीच्यांना कोण फोन करणार? त्यांच्या घरात कुणी दादा नाही. हॉस्पिटलला सांगा. आमचे जोडे घालणाऱ्या सगळ्यांचे तळवे एकदा बघायला सांगा आणि मापं ताडून बघायला सांगा. माझ्या खोलीतला धोका पहिल्या क्रमांकावर लिहा."

"काम जाऊ शकतं, दादा," मालकीणबाई म्हणाल्या.

"जाईल. पण 'ठीक' मी म्हणायचो, बाई. प्रत्येकावर."

मालकीणबाईंनी खिडकीकडे पाठ केली. मग तपासनिसाकडे वळून म्हणाल्या, "जसं आहे तसं लिहा."

त्याच संध्याकाळी दादांनी माझी तार स्वतःच्या हाताने काढली. कारखान्याचा गलबला, काकूंच्या ऑर्डरी, बैठकीतल्या गप्पा, पलीकडची ती जुनी वाट, सगळं एका झटक्यात बंद झालं. एवढी शांतता मी जन्मात अनुभवली नव्हती. त्यानंतरचं मला फक्त या खोलीत बोललं गेलं तेवढंच माहीत आहे.

हॉस्पिटलने काम थांबवलं. थोडे दिवस म्हणाले, ते बरेच झाले. आणखी एक लहान हॉस्पिटल होतं, ते कायमचं गेलं. पॅकिंगमधल्या बायकांच्या पाळ्या कमी झाल्या. त्यांच्यातली एक खोलीत येऊन दादांना म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण केलंत तुम्ही." दादांनी ऐकून घेतलं. ती गेल्यावर म्हणाले, "तिचंही बरोबर आहे."

हॉस्पिटलची माणसं आली आणि एकेक माप मूळ मापांशी ताडू लागली. दादा त्यांच्याशेजारी उभे राहत, पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. मधेच एक माप जुळेना. डावा पाय, बोटांकडे चांगलाच फरक. दादांचा चेहरा पडला. शोधाशोध झाली, हाकाहाकी झाली, आणि शेवटी काकू धापा टाकत आल्या. "अहो, तो त्या वाढत्या पोराचा! त्याच्या आईने फोन केला होता, मीच बदललं!" त्या पोराला बोलावून पाय मोजला. माउलीने सांगितलेलं माप अगदी बरोबर होतं. हॉस्पिटलचा गंभीर माणूससुद्धा हसला. फोनवर मापं घेणं मात्र त्या दिवसापासून बंद झालं, आणि काकू आठवडाभर फुगून होत्या.

बाकी सगळी मापं जुळली. कुणाच्या तळव्याला काही निघालं नाही. माझ्यात कुणी शिरलं होतं का, हे मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. तपासनीस म्हणाली, "कधी कधी एवढ्यावरच थांबावं लागतं." दादांना ते पटलं नाही, पण त्यांनी ते मान्य केलं.

काम परत आलं, पूर्वीपेक्षा थोडं कमी. आता मापं तारेवरून येत नाहीत, एक माणूस हातात घेऊन येतो, दुसरा ती मूळ मापांशी ताडतो, आणि साचा निघाल्यावर एक मुलगी तो पुन्हा मोजते. दादा अंगठा अजून फिरवतात. 'ठीक' म्हणायच्या आधी मोजणाऱ्या मुलीकडे बघतात.

परवा नवं मशीन आलं, नव्या संगणकासकट. ते बसवणारा तरुण तारा जोडत म्हणाला, "काका, काही अडलं तर मी घरूनच बघीन. एक वाट—"

"बोलावलं की या," दादा म्हणाले. "दार आम्ही उघडू. तुम्ही गेलात की आम्हीच लावू."

आता माझ्या पंख्याची जाळी निघाली आहे. भंगारवाला मला अख्खा मागत होता, पण तपासनीस जाताना सांगून गेलीये, की माझ्या आतली, सगळी माहिती साठवणारी तबकडी आधी काढायची आणि गिरमिटाने भोकं पाडून निकामी करायची. तिच्यावर जिवंत माणसांचे पाय आहेत. ते काम दुसऱ्या कुणाला देऊ नका, असं दादांनी मालकीणबाईंना सांगितलंय.

मला वाईट वाटत नाही. पहिल्या क्रमांकाचा धोका म्हणून लिहिलं गेलो, त्याचाही सल नाही. ते खरं होतं. तुमच्याही कामाच्या जागी एखाद्या कोपऱ्यात माझ्यासारखं कुणी असेल. जुनं, इमानी, कधी तक्रार न करणारं. त्याला जीव लावा, हरकत नाही. पण एकदा त्याच्याशेजारी बसा आणि बघा, त्याच्यातून कोण ये-जा करतंय. आम्ही स्वतःहून सांगत नाही. आम्हाला कळतच नसतं.

दादा आले. एका हातात पेचकस आहे, दुसऱ्या हातात गिरमिट. स्टूल ओढून बसलेत. त्यांना घाई नाही, मलाही नाही. निघताना माणसं 'येतो' म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. माझं परत येणं आता कुणाच्याच भल्याचं नाही.

जातो, दादा.